कवितेत मेलेल्या सासूबाई

माझ्या सासूबाई नवव्या वर्षी ओढ्यात बुडून मेल्या, असं अख्खा इंग्लंड देश मानतो. शाळेच्या पुस्तकात तसं छापलंय. मी त्यांच्या हाताखाली पस्तीस वर्षं चीज केलं, त्यांची बोलणी खाल्ली, हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांना बदकाची चरबी चोळली. मेलेल्या माणसाचे गुडघे इतके दुखत नाहीत, एवढं मी खात्रीने सांगते.

त्यांचं नाव डॉर्कस. माहेरच्या आयव्हसन. हार्थबेकच्या ओढ्यावर त्यांच्या वडिलांची, अमॉस आयव्हसनची, पिठाची गिरणी होती. १८३७च्या वसंतात त्या गिरणीच्या माडीवर एक तरुण भाड्याने राहायला आला. अँब्रोस फेलगेट त्याचं नाव. पुढे तो एवढा मोठा कवी झाला की त्याच्या नावाने लंडनला रस्ता आहे, पण तेव्हा तो नुसता सत्तावीस वर्षांचा, ओल्या मोज्यांचा माणूस होता. पहाटे उठून डोंगरात जायचा, भिजून परत यायचा, पुढ्यात येईल ते खायचा आणि मग खिडकीशी बसून राहायचा. अमॉस लोकांना सांगायचा, "चांगला धडधाकट आहे हो, पण काही करत नाही बिचारा."

दोन महिन्यांनी कविराजांचे पैसे संपले आणि बुटांचे तळही सुटले. जायच्या दिवशी त्यांनी बूट नऊ वर्षांच्या डॉर्कसच्या हातात दिले. "ओढ्यापलीकडच्या चांभाराकडे टाक. तळ बसवून मागाहून पाठवायला सांग." तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. ओढ्यातले पाय ठेवायचे दगड पाण्याखाली गेले होते. कविराज पातळ जोडा घालून माल वाहणाऱ्याच्या छकड्यात बसले आणि निघून गेले. डॉर्कस बूट घेऊन ओढ्याकडे गेली.

पाय घसरला, पोर वाहत गेली. हे खरं. पण वळणावरच्या झाडाच्या मुळ्यांत तिचा घागरा अडकला आणि जोनास चांभाराने लांब काठीला आकडा लावून तिला ओढून काढली. उलटी धरली, पाणी काढलं. तिने डोळे उघडून पहिला शब्द काढला तो असा, "एक बूट गेला." घरी आईने एक थोबाडीत दिली आणि ओटच्या गरम भाकऱ्या दिल्या, याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी पोर गूजबेरीच्या झुडपात बसून कच्च्या गूजबेऱ्या खात होती.

पण हा सगळा पुढचा भाग झाला. कविराज त्या संध्याकाळी पुढच्या गावातल्या खाणावळीत बसले होते. तिथे एक मेंढरांचा व्यापारी आला. त्याने पुलावरून जाताजाता जेवढं पाहिलं तेवढंच सांगितलं: "गिरणीवाल्याची पोर ओढ्यात गेली." कविराजांनी त्याला पुढे काही विचारलं नाही. सकाळच्या घोड्यांच्या टपालगाडीने ते लंडनला गेले.

तीन वर्षांनी कविता आली, 'हार्थबेकची एलिन'. डॉर्कस या नावाला यमक जुळेना, म्हणून एलिन. केटलीच्या बुडासारखे सासूबाईंचे केस, ते सोनेरी झाले. पावसाचं बर्फ झालं. गिरणी गेली, बूट गेले, त्यांच्या जागी एक कोकरू आलं. ते हरवलेलं कोकरू शोधायला एलिन बर्फातून निघते आणि ओढ्यात जाते. हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखाली तिला पुरतात. कोकरू तेवढं वाचतं.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. जिवंत डॉर्कस गावाला नकोशी होती. उलट बोलायची, झाडावर चढायची, लोकांच्या बागेतली फळं खायची. मेलेल्या एलिनने मात्र देशाला रडवलं. चहाच्या डब्यावर तिचं चित्र आलं. मुली तिचं कडवं कापडावर भरायला लागल्या. मग ती शाळेच्या पुस्तकात शिरली, आणि एकदा शाळेच्या पुस्तकात शिरलेल्या माणसाला कुणी बाहेर काढू शकत नाही.

सासूबाईंनी सायमन किअर्टनशी लग्न केलं, त्याच्या कुरणावर गाई पाळल्या, चीज करायला लागल्या. त्यांचा मुलगा एनॉक, म्हणजे माझा नवरा, सात वर्षांचा असताना मास्तरांनी त्याला ही कविता म्हणायला उभं केलं. एनॉक शेवटच्या कडव्यापाशी थांबला आणि म्हणाला, "मास्तर, माझी आई मेली नाही. ती घरी डुकराची आतडी धुतेय." हातावर तीन छड्या मिळाल्या. काव्याचा अपमान केला म्हणून. अजूनही तो पुस्तक दिसलं की हात पाठीमागे घेतो.

आगगाडी आली तसे पाहुणे यायला लागले. त्यांना कबर पाहायची असायची. कबर कुठली? गिरणीच्या वर एक जुनं काटेझाड होतं आणि त्याच्याशेजारी कधीतरी कुणी माती उकरून ढीग टाकला होता. पाहुण्यांनीच ठरवलं की ही कबर, आणि त्यावर फुलं वाहायला लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जिची कबर शोधायची ती शेजारच्या कुरणात गाय पिळत बसलेली.

सुरुवातीला त्या खरं सांगायच्या. "अहो, ती मीच." लीड्सच्या एका गृहस्थाने टोपी काढून, गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "बाई, मेलेल्या लेकराची अशी चेष्टा करू नये." दुसऱ्या एकाने त्यांच्या दंडांकडे पाहिलं, कमरेकडे पाहिलं आणि सरळ निघून गेला. तेव्हापासून सासूबाईंनी खरं सांगणं सोडलं. दारात बाक टाकला, दूध आणि चीज विकायला ठेवलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं जोरात होतं. माझ्या देखत एका टोपीवाल्या बाईने त्यांना विचारलं, "तुम्ही एलिनला ओळखत होतात?"

"लहानपणापासून."

"अगं बाई! कशी होती हो ती?"

"खादाड."

त्या बाईने वहीत काहीतरी लिहिलं. 'खादाड' नसणार ते.

मी म्हटलं, "आई, कशाला छळता त्यांना? लांबून येतात."

"मग मी काय करू? रडू? माझ्याच मरणाला?" असं म्हणून त्या चीजचे चाकाएवढे गोल गड्डे उलटे करायला आत गेल्या.

१८७८ साली बातमी आली की कविराज स्वतः येणार. एकेचाळीस वर्षांनी पहिल्यांदा. गावाच्या चर्चचे पाद्री मिस्टर पॉन्सफर्ड यांना हर्षवायू व्हायचा तेवढा राहिला. पानांची कमान उभारली, वाजंत्री बोलावली, बारा मुलींना पांढरे झगे शिवले. काटेझाडाखालच्या ढिगाऱ्याला हिरवळ लावली. सासूबाई तेव्हा पन्नाशीच्या. कवितेतल्या पोरीला त्यांच्या एका बाहीत गुंडाळता आलं असतं. स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "येऊ दे त्याला. एकेचाळीस वर्षं मला मारून ठेवलंय. विचारतेच आज."

सासरे म्हणाले, "डॉर्कस, म्हातारा माणूस आहे तो."

"मग मी काय तरणी आहे?"

कविराज आले आणि पाऊसही आला. पांढऱ्या झग्यांच्या बारा मुली भिजून कोंबड्यांसारख्या दिसायला लागल्या. कविराज ढिगाऱ्यापाशी गेले, टोपी काढली. भाषण करायचं होतं ते केलं नाही. चेहरा मात्र असा पांढरा पडला की वाजंत्रीवाल्याने मध्येच वाजवणं थांबवलं. पाद्र्यांकडे जेवण ठरलं होतं, सगळे तिकडे वळले. मी घरी परत येऊन चूल सारखी करत होते, तर दारावर थाप. बघते तर कविराज. एकटे. बुटांतून पाणी गळतंय.

"थोडा वेळ विस्तवापाशी बसू का? तिकडे फार माणसं आहेत."

सासूबाई मागून आल्या. मला वाटलं, आता तोफ सुटणार. पण त्यांची नजर त्या पायांवर गेली. "काढा ते मोजे," त्या म्हणाल्या. "मराल नाहीतर." आणि खाली बसून त्यांनी स्वतःच ते ओढून काढले. चहा दिला, ओटच्या पिठाचा काळा गुळचट केक दिला. कविराजांनी दोन तुकडे खाल्ले. खाणं तेवढं पहिल्यासारखंच राहिलं होतं म्हणायचं.

मग ते विस्तवाकडे बघत बोलायला लागले. बहुधा कुणाशी बोलतोय ते त्यांना ठाऊकही नव्हतं. "इथल्या गिरणीवाल्याची मुलगी होती. तिला मी पाठवलं होतं, माझे बूट घेऊन. पाऊस होता, मला दिसत होता. कवितेत कोकरू आहे. कोकरू नव्हतंच."

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कुणालाच बोललो नाही."

"बूट माझ्याच हातात होते ना."

त्यांना समजलं नाही. सासूबाईंनी परत सांगितलं, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. घागरा अडकला, जोनासने काठीने ओढलं. "एक बूट वाहून गेला. दुसरा महिनाभर ठेवला होता, तुम्ही मागवाल म्हणून. मग कुत्र्याने खाल्ला."

म्हाताऱ्याने हात पुढे करून त्यांची बाही चाचपून पाहिली. पिठाने भरलेली, जाड लोकरीची बाही. त्यानंतर ते हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. नाक मात्र माझ्या भांडी पुसायच्या फडक्याला पुसलं.

सासूबाईंचा कढ आता बाहेर आला. "अहो, परत यायचं होतंत! दोन कोसांवर तर होतात. निदान विचारायचं तरी, मेली की जगली!"

"भ्यालो," कविराज म्हणाले.

"कुणाला?"

"तुमच्या आईला."

सासूबाईंनी किटली परत विस्तवावर ठेवली. "हे मात्र खरं," त्या म्हणाल्या. "आईला सगळेच भ्यायचे."

तेवढ्यात पाद्री धापा टाकत शोधायला आले, तर महाकवी अनवाणी, सासऱ्यांचे मोजे हातात घेऊन बसलेले. जाताना कविराज दारात वळून म्हणाले, "मी हे दुरुस्त करतो."

सासूबाई म्हणाल्या, "बघा बाई. तुमचा धंदा तुम्हाला ठाऊक."

आणि त्यांनी खरंच केलं. पुढच्या वर्षी कवितांची नवी आवृत्ती निघाली. त्यात एलिनला एक चांभार बाहेर काढतो आणि शेवटच्या कडव्यात ती विस्तवापाशी बसून भाकरी खाते. आम्हाला एक प्रत आली, पहिल्या पानावर सही करून. एनॉकने ती तीनदा वाचली आणि म्हणाला, "आता त्या मास्तराला उकरून काढून दाखवली पाहिजे."

देशाला मात्र हे मुळीच सोसलं नाही. लोकांनी कविराजांना पत्रं लिहिली. एका वर्तमानपत्राने लिहिलं की वयामुळे कवीची बुद्धी मंदावली आहे. कुणी तरी म्हणालं, चांभाराला कवितेत आणणं हाच मुळात गावंढळपणा. शाळेच्या पुस्तकवाल्यांनी नवी कडवी घ्यायला साफ नकार दिला. खून पचवणारा देश हा, पण एक पोरगी जगली म्हणून एवढा गहजब! सासूबाईंना मी वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि त्या पोट धरून हसायच्या. "पाहिलंस टॅमर? मला परत बुडवायला निघालेत."

असं चाललं असताना, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एक बाई आली. पाहुण्यांसारखी नव्हती. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणीत कामाला होती. डोक्यावर शाल, पायात लाकडी तळाचे जोडे, स्टेशनपासून दहा मैल चालत आलेली. मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला, कारण ती दरवर्षी सुट्टीला यायची, त्या ढिगाऱ्यापाशी थोडा वेळ बसायची आणि निघून जायची. कधी काही विकत घेतलं नाही, कधी काही विचारलं नाही. त्या दिवशी मात्र ती बाकावर टेकली आणि सासूबाईंना म्हणाली, "मालकीणबाई, एक विचारू? लोक म्हणतात नव्या पुस्तकात ती पोरगी मरतच नाही. म्हणजे तिथे कुणी नाही का?"

सासूबाईंनी विचारलं, "तुझी केवढी होती?"

"आठ वर्षांची. आमच्याकडे पुरायला जागा नव्हती, मोठ्या खड्ड्यात सगळ्यांबरोबर घातली. कुठे ते मला माहीत नाही. म्हणून मी इकडे येते."

आता एक गोष्ट सांगायला हवी. एनॉकच्या आधी सासूबाईंना एक मुलगी झाली होती, मार्था. सहाव्या वर्षी अंगावर लाल पुरळ येऊन तापाने गेली. चॅपेलच्या, म्हणजे आमच्या साध्या लोकांच्या लहान प्रार्थनाघराच्या, मागे तिची कबर आहे. तिचं नाव घरात कुणी काढत नसे. मला ते कबरीचा दगड वाचूनच समजलं.

सासूबाई त्या बाईला म्हणाल्या, "आहे गं. आहे ती तिथेच. मी ओळखत होते तिला. नव्या पुस्तकात छापणाऱ्याने चूक केलीय, पुढच्या खेपेला नीट करतील." आणि तिला आत बोलावून पोटभर जेवायला घातलं.

ती गेल्यावर मला म्हणाल्या, "कागद आण. लिही." त्यांचं लिहिणं सहीपुरतंच होतं. त्या बोलत गेल्या, मी लिहिलं:

"फेलगेटसाहेब, पहिलं होतं तसंच ठेवा. माझं मेल्याने काही अडत नाही. डॉर्कस किअर्टन. तुमच्या नव्या कडव्यात मी दोन भाकऱ्या खाल्ल्या असं आहे, चार खाल्ल्या होत्या."

मी म्हटलं, "आई, नीट विचार करा. आता कुठे तुम्ही जिवंत झाला होतात."

"मी जिवंत आहे की नाही हे पुस्तकाला विचारायची मला काय गरज?" त्या म्हणाल्या. "आणि तो ढिगारा आता रिकामा नाही, टॅमर. मी गप्प बसायचे म्हणून मला दिसत नव्हतं असं नाही. बायका तिथे लहान लहान जोडे ठेवून जातात."

पुढच्या आवृत्तीत एलिन पुन्हा मेली आणि देश शांत झाला. त्यानंतर दर नाताळात कविराजांचं एक पत्र यायचं, आणि दर शरदात आमच्याकडून एक चीज जायचं. ते वारले त्या आठवड्यातच चीज पोहोचलं. त्यांच्या घरकामाच्या बाईने कळवलं की अंत्यविधीला मोठमोठे लोक आले होते आणि सगळ्यांनी ते आवडीने खाल्लं. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लोकांना पुरलं कसं? पातळ कापलं असणार."

खरी गंमत अशी की ती कविता त्यांनी अखंड कधी ऐकलीच नव्हती. एक कडवं इकडे, दोन ओळी तिकडे, एनॉकच्या छड्या, डब्यावरचं चित्र, एवढंच. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे डोळे गेले. एका दुपारी, बाहेर गारठा होता, विणता विणता म्हणाल्या, "टॅमर, ते वाच एकदा पुरतं. मरायच्या आधी बघू तरी कशी मेले."

मी वाचायला लागले. सोनेरी केसांपाशी त्या हसल्या. कोकरापाशी म्हणाल्या, "हं, बूटच तो." बर्फापाशी म्हणाल्या, "जून होता." मग हळूहळू टीका थांबली. शेवटून दुसऱ्या कडव्यात असं आहे की एलिनला पुरून आल्यावर तिची आई संध्याकाळी सवयीने तिचाही वाडगा मांडते, आणि मग तो परत फळीवर ठेवत नाही, तसाच राहू देते. तिथे सुया थांबल्या.

"परत वाच ते."

मी परत वाचलं.

"माझ्या आईवर कधी ही वेळ आली नाही," त्या म्हणाल्या. "तिला माझ्यासाठी वाडगा मांडायला लागला तो मी खायला होते म्हणून." मग म्हणाल्या, "मी मांडला होता. मार्थाचा. दोन वर्षं मांडत होते, सायमन काही बोलला नाही. हे मी कुणाला सांगितलं नाही. मग त्याला कसं कळलं गं? लग्नसुद्धा नव्हतं झालं त्या मेल्याचं."

मग त्यांनी विणकामातला सुटलेला टाका सुईवर चढवून द्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, चहा टाक.

त्यानंतर चार वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरशी भांडल्या, चीजला मीठ कमी पडतंय म्हणून माझ्याशी भांडल्या, आणि मार्चमधल्या एका सकाळी, एनॉक गाई सोडायला गेला असताना, गेल्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. चर्चमध्ये तेव्हा नवे पाद्री आले होते, शिकलेले, उत्साही. ते टोपी हातात घेऊन आमच्याकडे आले आणि एनॉकला म्हणाले की दगडावर 'हीच हार्थबेकची एलिन' असं कोरलं तर साहित्याची मोठी सेवा होईल.

एनॉकचे हात पाठीमागेच होते. तो म्हणाला, "नाही साहेब. ती दुसरी मुलगी."

मग दगडावर नुसतं नाव आणि साल घातलं. सायमन एका बाजूला आहे, मार्था दुसऱ्या बाजूला. पाहुणे तिकडे फिरकत नाहीत. चॅपेलच्या मागे वारा फार असतो.